कुरळीला पाणी कोण घालतं?

फुलांनी तिसऱ्याच दिवशी माना टाकल्या आणि पाचव्या दिवशी सूनबाईने नाक दाबून ती कचऱ्याच्या डब्यात घातली. चष्म्याच्या दुकानात दहा वर्षं काचा घासून बसवल्याबद्दल मालकांनी दिलेला गुच्छ होता तो. दहा वर्षांचं कौतुक पाच दिवस टिकलं, हेही काही कमी नाही. गुच्छाच्या मधोमध शोभेसाठी एक काडी खोचलेली होती. हातभर लांब, करंगळीएवढी जाड आणि अशी वेडीवाकडी वळलेली, की वाढताना तिचा दर वितीला विचार बदलला असावा. ती काडी मात्र तिला आवडली. काचेच्या बरणीत तशीच ठेवून तिने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत सरकवली आणि विसरून गेली.

विसरणं ही तिची जुनी खोड. या घरात राहायला आल्यापासून तिने दोन गुलाब, एक लिंबू आणि तीन फर्न यथासांग मारले होते. पुदिनाही मारून दाखवला होता आणि पुदिना मारायला खरं तर वेगळी अक्कल लागते. नवरा म्हणायचा, "तुझ्या हाताला गुण नाही गं." थट्टेनेच म्हणायचा, पण तिला ते लागायचं. सगळं आयुष्य तिने दुसऱ्यांच्या खोल्यांमध्ये काढलं होतं, खिडकीच्या कठड्यावरच्या दोन कुंड्यांपलीकडे जमीन कधी मिळाली नव्हती. आता लग्नानंतर चांगलं लांबरुंद अंगण हाताशी होतं आणि त्यात तिच्या हातचं म्हणावं असं एक पानसुद्धा नव्हतं.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, बरणी विसळायला म्हणून तिने काडी उचलली आणि तिथेच थांबली. काडीच्या बुडाशी काहीतरी होतं. तिने पर्समधून भिंग काढलं. दुकानाचं भिंग ती जिथे जाईल तिथे बरोबर असायचं. बारीक बारीक धागे, टोकाला पांढरे, वर गुलाबीसर, दोन-चार नव्हे, चांगले पंधरा-वीस.

"अहो! अहो, इकडे या! मुळं आलीत! काडीला मुळं आलीत!"

नवरा तोंडात टूथब्रश घेऊनच धावत आला. त्याला वाटलं, गॅसनेच पेट घेतला. मागोमाग सासरे आले. त्यांनी बरणीकडे एकदा पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"ही बया घरात कुणी आणली?"

इथे सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यांची ओळख करून दिल्याशिवाय त्या घरात कुणाला चहा मिळत नसे. अण्णा. वय त्र्याहत्तर, धंदा प्लंबरचा, आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मनाने अजून कुठल्यातरी मोरीखाली आडवे पडलेले. गावातले निम्मे पाइप त्यांच्या हातचे. लोक बैठकीच्या खोलीत फोटो टांगतात, अण्णांनी खिळ्याला पान्हा टांगला होता. दीड हात लांब, लोखंडी, मूठ घासून घासून चकाकलेली. पाहुणा बसला की अण्णा पान्ह्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "आजवर माझा एक सांधा गळलेला दाखवा. दाखवलात, तर तो पान्हा टाकून देईन." पाहुणे मान डोलवायचे. दाखवायला कोण जातंय?

"विलो आहे ही," अण्णा बरणीकडे बघत म्हणाले. "कुरळी विलो. बॅटी करतात त्या झाडाची बहीण. हिची जातच मला माहीत आहे. एका सिनेमागृहाचं गटार तुंबलं होतं. हात घातला, झुपका हाताला लागला. ओढतोय, ओढतोय, संपेचना. घोड्याच्या शेपटीएवढं मूळ निघालं! हिला नाक असतं, सूनबाई. पाणी कुठे आहे ते हिला वासावरून कळतं. फेकून दे."

"मी ही अंगणात लावणार आहे," सूनबाई म्हणाली.

ती असं म्हणेल हे तिलाही माहीत नव्हतं. पण म्हणून झालं आणि तिने बरणी उराशी धरली. आतापर्यंत जे जे तिने जपलं, ते मेलं. आणि ही काडी, जिच्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही, ती शिळ्या पाण्यात, खिडकीत एकटी उभी राहून जगायचं ठरवून मोकळी झाली होती. असल्या जिवाला कचऱ्यात टाकायचं? शक्यच नाही.

मग जे व्हायचं ते झालं. अण्णांचा आवाज चढला, सूनबाईचाही चढला आणि नवरा दोघांच्या मध्ये टूथब्रश चावत उभा राहिला. शेवटी अण्णा तरातरा मागच्या अंगणात गेले आणि डाव्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"हा इथून, या भिंतीच्या कडेने, मागच्या गल्लीपासून स्वयंपाकघरापर्यंत पाण्याचा पाइप गेलाय. हे घर बांधलं तेव्हा मी स्वतः टाकलाय. छत्तीस वर्षं झाली. विलो पाइपापासून तीस पावलं लांब पाहिजे. तीस! बसत असेल तर लाव. माझी ना नाही."

आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. अण्णा उंच, पाय लांब. एक, दोन, तीन... अकराव्याला त्यांचं नाक उजव्या भिंतीला टेकलं.

"संपलं अंगण. उरलेली एकोणीस शेजाऱ्यांच्या घरात जातात. साधारण त्यांच्या पलंगावर येईल झाड. विचारून बघ त्यांना."

सूनबाईने चपला काढल्या. डाव्या भिंतीला टाच टेकवली आणि एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत, दोरीवरून चालल्यासारखी, हात पसरून निघाली. अण्णा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. तिची पावलं लहान, लहान मुलांच्या दुकानात चपला मिळतील अशी. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. उजव्या भिंतीपर्यंत अजून चांगली दोन हात जागा शिल्लक होती.

"ही कसली पावलं?" अण्णा गरजले.

"माझी. तुम्ही पावलं म्हणालात, अण्णा. तुम्ही टाकल्यात त्या ढांगा."

नवरा फस्सकन हसला आणि टूथपेस्टचा फेस शर्टावर सांडला. अण्णा मात्र हसले नाहीत. आयुष्यभर हाताखालच्या माणसांना त्यांनी एकच गोष्ट ऐकवली होती: अंदाजे बोलायचं नाही, मापात बोलायचं. आणि आता त्यांचंच माप त्यांच्या गळ्यात आलं होतं. त्यांनी एकदा तिच्या पायांकडे पाहिलं.

"ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. पण माझीही एक अट. ज्या दिवशी हिचं एक मूळ, एक, माझ्या पाइपाला लागेल, त्या दिवशी कुऱ्हाड. तेव्हा रडायचं नाही, गळ घालायची नाही, नवऱ्याला मध्ये घालायचं नाही."

"कबूल," सूनबाई म्हणाली. तिला त्या क्षणी काहीही कबूल होतं.

उजवा कोपरा म्हणजे नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. तिने हातभर रुंद खड्डा दोन दिवसांत खणला, तळव्यांना फोड आणून. रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या, "विलोला खताची लाडीगोडी नको. ऊन द्या आणि पाणी द्या, पाणी म्हणजे भरपूर पाणी, आणि बुंध्याभोवती वाळक्या पानांचा थर ठेवा." तिने सगळं केलं. रोज सकाळी कामाला जाण्याआधी दोन बादल्या आणि संध्याकाळी आल्यावर चप्पलही न काढता आधी कोपऱ्यात. बाराव्या दिवशी काडीच्या एका डोळ्यातून हिरवा ठिपका बाहेर आला. तिने भिंग लावलं. ठिपक्यात घडी घातलेलं पान होतं. उलगडलं तेव्हा तेही कुरळं निघालं, पेन्सिल छिलताना निघतं तसं. त्या दिवशी दुकानात तिने एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमला उजवी काच डावीकडे बसवली आणि मालक रागावले तरी ती हसतच राहिली.

नाव आपोआप पडलं. कुरळी. अण्णा मात्र बयाच म्हणत.

आणि कुरळी वाढली म्हणजे काय वाढली! पहिल्या उन्हाळ्याअखेर सूनबाईच्या खांद्याला आली, दुसऱ्यात भिंतीवरून शेजारी डोकावायला लागली. दर रविवारी ती दुकानातली टेप घेऊन मोजायची आणि भिंतीवर खडूने रेघ ओढायची. एखाद्या आठवड्यात चार बोटं वाढ दिसली की आत धावत येऊन सांगायची, जणू परीक्षेत पहिला नंबर आलाय. थंडीत पानं गळाली तेव्हा ती आधी घाबरली, पुढच्याच क्षणी थक्क झाली. पानांआड लपलेल्या त्या सगळ्या वळणदार फांद्या मोकळ्या आभाळावर उठून दिसत होत्या. रोपवाटिकेच्या बाईंच्या सांगण्यावरून तिने मधल्या गर्दीच्या चार फांद्या छाटल्या, दुकानात नेल्या आणि काचेच्या कपाटात उभ्या करून त्यांच्यावर चष्मे टांगले. लोक रस्त्यात थांबून बघायला लागले. एक आजोबा आत येऊन म्हणाले, "मला चष्मा नको, फांदी द्या." मालकांनी दोन्ही दिलं. ज्या बाईच्या हाताला गुण नव्हता तिच्याकडे आता लोक काड्या मागायला येत होते!

अण्णांचा पहारा मात्र ढळला नाही. दर रविवारी, ती टेप घेऊन अंगणात गेली की ते लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वयंपाकघरात जायचे. भिंतीतून पाइप वर येतो तिथे त्याचं टोक टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. पाइप आतून कुठे गळत असला तर असं केल्याने त्याचा आवाज ऐकू येतो म्हणे. बराच वेळ डोळे मिटून ऐकायचे.

"काही नाही. अजून लांब आहे बया," असं जाहीर करून ते पेपर वाचायला बसायचे. त्यांना आताशा दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या उन्हाळ्यात मालकांनी सूनबाईला पाच आठवड्यांसाठी दुसऱ्या शहरात पाठवलं. काचा कापायचं नवं यंत्र आलं होतं, ते शिकून यायचं होतं. निघताना तिने नवऱ्याला दहा वेळा बजावलं. एक दिवसाआड दोन बादल्या. हवं तर मला जेवायला वाढू नका आल्यावर, पण तिला पाणी.

"कुरळी कशी आहे?" ती फोनवर विचारायची.

"मस्त!" नवरा सांगायचा. उत्तर इतकं झटपट यायचं की खिडकीतून वाकून झाडाकडे बघायला लागणारा वेळ त्यात बसतच नव्हता. ती अंथरुणावर पडून काळजी करायची.

तो उन्हाळाही असला मेला जहाल! ती परतली तेव्हा सगळ्या गल्लीत हिरवं म्हणून नाव नव्हतं. शेजाऱ्यांची हिरवळ पापडासारखी करपली होती.  बॅग तशीच हातात धरून ती घराच्या कडेने मागे गेली, आधी जमिनीकडेच बघत, मग हिय्या करून वर बघत.

कुरळी हिरवीगार होती. नुसती हिरवी नाही, डवरलेली. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच, फांद्यांची टोकं जमिनीला टेकलेली, नवी पालवी लालसर चमकत होती. सूनबाईने बॅग टाकली आणि ती त्या फांद्यांच्या आत शिरली. आत गारवा होता. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, म्हणून ती ओरडली. घरातून नवरा धावत आला आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

"किती छान सांभाळलीत हो! मला वाटलं होतं, तुम्ही विसरणार."

नवऱ्याने तिचे हात गळ्यातून सोडवले. माणूस तसा खरा. खोटं फोनवर बोलू शकायचा, समोर नाही.

"अगं, मी... मी एक बादलीसुद्धा घातली नाही. पहिला आठवडा विसरलो. आठवलं तेव्हा घाबरत घाबरत बघायला आलो, तर ही अशी टवटवीत. मग माझ्या लक्षात आलं." त्याने आवाज खाली आणला. "अण्णा घालतायत. चोरून."

"अण्णा?"

"दुसरं कोण? दुपारी मी कामावर असतो. जीव जडलाय त्यांचा, पण सांगणार कसं? मीही म्हटलं, आपण बघितलं नाही असं दाखवावं."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन वर्षं बया बया म्हणणारा माणूस, भर उन्हात दोन बादल्या घेऊन! तिने हातपाय धुण्याआधी आलं घालून चहा केला, अण्णांच्या आवडत्या मोठ्या कपात ओतला आणि त्यांच्यासमोर नेऊन ठेवला.

"थँक्यू, अण्णा."

"कशाबद्दल?"

"असू दे. मला कळलंय सगळं. कुरळीला पाणी घातल्याबद्दल."

अण्णांनी पेपर खाली केला. "मी? त्या बयेला? मी तर रोज म्हणतोय, हा पोरगा सुधारला. ऑफिसातून येऊन गुपचूप पाणी घालतोय बायकोच्या झाडाला."

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. नवरा बापाकडे, बाप मुलाकडे. आणि सूनबाईला हसू फुटलं.

"म्हणजे तुम्हीही नाही आणि हेही नाहीत! कुठेतरी पाणी मुरतंय!"

तिने ते सगळेच म्हणतात तसं म्हटलं. काहीतरी गौडबंगाल आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण अण्णांचा कप ओठांपाशी थांबला. चार पिढ्यांनी विनोदाने वापरून गुळगुळीत केलेलं ते वाक्य एका प्लंबरच्या कानात जसंच्या तसं शिरलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. चहाचा घोट न घेता. उठले, खिळ्यावरचा पान्हा काढला आणि म्हणाले, "कुदळ कुठे आहे?"

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तीस पावलं. तिची पावलं, लहान मुलांच्या दुकानातली. पाच आठवडे पाण्याचा थेंब नाही आणि झाड डवरलेलं. पाणी कुठूनतरी मिळत होतंच ना? आणि त्या अंगणात पाणी एकाच ठिकाणी होतं.

"तू गल्लीतल्या चावीपाशी उभा राहा," अण्णांनी मुलाला सांगितलं. "हाक मारली की पाणी बंद कर." मुलगा निमूटपणे गेला. त्या आवाजाला त्याने लहानपणापासून उलट उत्तर दिलं नव्हतं.

अण्णा डाव्या भिंतीच्या कडेने चालत गेले आणि बरोबर मध्यावर थांबले. "इथे सांधा आहे. तागाचा धागा गुंडाळून, वर सफेद्याचा लेप लावून, या पान्ह्याने आवळलेला. तो काही गळायचा नाही. पण मूळ आलं असेल तर इथेच येईल."

वरची माती कोरडी ठाक होती. हातभर खाली ती काळी झाली, मग मऊ. अण्णा धापा टाकायला लागले तेव्हा सूनबाईने त्यांच्या हातातून कुदळ घेतली आणि खड्ड्यात उतरली. उजवीकडून, कुरळीच्या दिशेने, पेन्सिलएवढं एक लालसर मूळ येत होतं. पत्ता विचारत आल्यासारखं सरळ. तिने कुदळ टाकून हाताने माती उकरली. पाइप लागला. आणि पाइपाभोवती झुपका. घोड्याची शेपटी नव्हे, पण शिंगराची नक्की.

तिला रडू आलं. पण रडायचं नाही, असं ठरलं होतं.

"पोचलंय, अण्णा," ती म्हणाली.

"एक?"

"पुष्कळ आहेत. मिठी मारून बसलीत."

 वरून अण्णांनी विचारलं, आणि आवाज त्यांचा वाटलाच नाही.

"आणि सांधा? कोरडा आहे ना?"

तिने मुळं बाजूला केली. सांध्याच्या खालच्या ओठाला एक थेंब लोंबत होता. तो फुगला, पडला, मुळांत नाहीसा झाला. लगेच दुसरा धरला. महिनोन्महिने हे चाललं असणार. थेंब उतारावरून मातीतून कोपऱ्याकडे झिरपत गेला असणार आणि कुरळी त्या ओलीचा माग काढत इथवर आली असणार.

तिने हिशेब केला, आणि तो करायला तिला फार वेळ लागला नाही. झाड तर गेलंच. शब्द दिला होता, मूळ लागलं होतं. मग एका दुपारी दोघांचं कशाला जायला हवं? तिला बैठकीतला खिळा आठवला. पाहुण्यांपुढे ताठ होणारी अण्णांची पाठ आठवली.

"कोरडा आहे, अण्णा. ठणठणीत. मी कुऱ्हाड आणते."

ती बाहेर यायला लागली तेव्हा अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला वर ओढलं आणि गुडघे कटकट वाजवत स्वतः खड्ड्यात उतरले. वाकले. मुळांत हात घातला. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. सूनबाई खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली. त्र्याहत्तरीतून शहात्तरीत आलेला माणूस, खड्ड्यात उभा राहून रडतोय, आणि तेही आपल्या झाडापायी.

"सूनबाई," अण्णा म्हणाले आणि वर बघितलं. ते हसत होते. डोळे पुसत होते, पण हसत होते. "या माझ्या चष्म्याच्या काचा कुणी बसवल्या?"

"मी."

"मग ओलं-कोरडं दिसतं मला त्यातून. चांगल्या बसवल्यास."

ती हातांची माती झटकायला लागली.

"गळला," अण्णा म्हणाले. मोठ्याने, गल्लीतल्या मुलाला ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा सांधा गळला! छत्तीस आणि तीन, एकोणचाळीस वर्षांनी गळला! पण बघ कुणासाठी गळला." त्यांनी खड्ड्याच्या काठावरचा पान्हा उचलला आणि तिच्यापुढे धरला. "लोक विचारतात, हा आता कशाला टांगलाय, याचा काय उपयोग? या वयात याला पान्हा फुटला गं! भर उन्हाळ्यात लेकराला पाजत होता!"

सूनबाई हसायला लागली आणि हसता हसता इतका वेळ अडवून धरलेलं रडूही बाहेर पडलं. दोन्ही एकदम. पण ती शब्दाची पक्की. नाक पुसून म्हणाली, "अण्णा, पण अट होती. मूळ तुमच्या पाइपाला लागलं तर कुऱ्हाड."

"माझ्या पाइपाला," अण्णा म्हणाले. बोट वर करून, मापात. "'माझ्या' म्हणालो होतो मी. गळणारा पाइप कुठल्या तोंडाने माझा म्हणू? हा आता तिचा. माझा मी नवा टाकतो, पुढच्या बाजूने. पावलं तू पकडलीस, मला एक शब्द पकडू दे!"

आणि मग खड्ड्यातून ओरडले, "अरे, काय झोपलास का तिकडे? बंद कर चावी! आणि उद्या सुट्टी टाक!"

नवा पाइप तीन दिवसांत पडला. घराच्या पुढच्या बाजूने, जिथे विलोच्या सात पिढ्या पोचणार नाहीत. अण्णा वीस वर्षांनी तरुण झाले होते. मुलाला इतके ओरडले की शेजारी बघायला आले. शेवटचा सांधा आवळायची वेळ आली तेव्हा त्यांनी पान्हा सूनबाईकडे केला.

"टाकून देईन म्हणालो होतो ना? टाकला. धर."

तिने दोन्ही हातांनी आवळला. अण्णांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, बोट फिरवलं. कोरडा होता.

जुना पाइप बंद झाल्यावर कुरळीला पुन्हा बादलीने पाणी घालावं लागलं. ते आता अण्णा घालतात, अगदी उघडपणे. रोज सकाळी दोन बादल्या, बया, घे बया, असं म्हणत.

पान्हा अजून खिळ्यावरच असतो, पण विचारलं तर सांगतात, सूनबाईचा आहे. पाहुणा आला की पान्ह्याकडे बोटही दाखवतात. मात्र पुढचं वाक्य आता बदललंय.

"आजवर माझा एकच सांधा गळला," अण्णा सांगतात, आणि पाहुण्याचा चहा तसाच निवत ठेवून त्याला हाताला धरून उठवतात. "चला मागे. दाखवतो."